चिनी चहाघर आणि मराठी पंगत

औंढा नागनाथाच्या देवळांत जाणाऱ्यास एक गोष्ट आरंभींच चमत्कारिक वाटते. शिवालयांत नंदी देवासमोर असावयाचा. येथें तो देवळाच्या पाठीमागें आहे. याचें कारण म्हणून जी आख्यायिका सांगतात, ती महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. नामदेव महाराज देवासमोर कीर्तनास उभे राहिले; पुजाऱ्यांनीं हलक्या जातीचे म्हणून त्यांना तेथून उठविलें; महाराज निमूटपणें देवळामागें गेले आणि तेथें त्यांनीं टाळ हातीं घेतला. तेव्हां देऊळच फिरलें आणि देवाचें तोंड भक्ताकडे झालें. नंदी मात्र होता तेथेंच राहिला. देऊळ फिरल्याचा उल्लेख असलेलें नामदेवांचें एक पद शिखांच्या गुरुग्रंथसाहेबांतही आहे. आणि औंढ्याच्या शेजारच्याच मुलखांत, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यांत, आजही राव आणि रंक एका ओळींत बसून लंगराचें अन्न घेतात. त्या ओळीला शीख लोक पंगत असेंच म्हणतात.

देव आख्यायिकेंत एका क्षणांत फिरला. माणसांची पंगत फिरावयास मात्र पुढें कित्येक शतकें लागलीं. कोणाच्या हातचें खावें, कोणाच्या शेजारीं बसावें, कोणाचें पाणी चालावें, या प्रश्नांनीं आपल्या समाजाला जितकें छळलें तितकें क्वचितच दुसऱ्या कशानें छळलें असेल. म्हणून राजांच्या लढायांइतकाच खाणावळींचा इतिहासही अभ्यासण्याजोगा आहे. आज मराठवाड्यांतील तालुक्याच्या गांवींही तिन्हीसांजेस लाल अक्षरांत ‘चायनीज’ असें लिहिलेली हातगाडी उभी राहते, आणि तिच्याभोंवतीं सर्व जातींचीं मुलें एकाच कढईंतून निघालेलें अन्न मिटक्या मारीत खातात. हें अन्न येथवर कसें आलें, वाटेंत त्याला कोण भेटलें आणि कोण मागें राहिलें, ही हकीकत मनोरंजक आहे. आणि तिच्या एका भागांत मान खालीं घालावी असेंही कांहीं आहे.

दक्षिण चीनमध्यें कॅन्टन, म्हणजे आजचें ग्वांगझौ, हें फार जुनें बंदर आहे. तेथील चहाघरांत सकाळच्या वेळीं चहाबरोबर जे लहान लहान घांस खातात, त्यांना कॅन्टनी बोलींत डिम सम म्हणतात. या शब्दाचा अक्षरशः अर्थ हृदयाला किंचित् स्पर्श करणारें, असा आहे. पोट भरण्याकरितां नव्हे, तर जीव निवविण्याकरितां खाल्लेलें. आपला फराळ हा शब्द फलाहारावरून निघाला आणि चिवड्या-लाडवांपर्यंत येऊन पोंचला. या चिनी शब्दाचाही प्रवास कांहींसा तसाच आहे. कोळंबीचें सारण पातळ पांढऱ्या पारीत मिटलेला हार गाउ, उघड्या तोंडाचा सिउ माय, भाजलेल्या डुकराच्या मांसाचें गोडसर सारण भरलेला फुगीर बाउ, आणि अंड्याची गोड टार्ट, हे त्यांतील चार मानकरी समजतात. बांबूच्या वाटोळ्या करंड्या एकीवर एक रचून बहुतेक घांस वाफवितात आणि करंडीसकट टेबलावर आणून ठेवतात. एका करंडींत बहुधा तीन किंवा चार घांस असावयाचे. सर्वांनीं त्यांतून वांटून घ्यावयाचे. एकट्याचें ताट ही कल्पना तेथें नाहींच.

या न्याहारीस निघालेला कॅन्टनी मनुष्य खावयास जातों असें म्हणत नाहीं. ‘यम चा’, म्हणजे चहा प्यावयास जातों, असें म्हणतो. चहा हें निमित्त आणि गोष्टी हें प्रयोजन. पेन्शनीत निघालेले वृद्ध वर्तमानपत्र घेऊन, कोणी पक्ष्याचा पिंजराही घेऊन, तेथें तासन् तास बसत. चहाची किटली रिकामी झाली कीं तिचें झांकण तिरकें करून ठेवावयाचें. वाढप्यानें न बोलतां गरम पाणी आणून ओतावयाचें. दुसऱ्यानें आपल्या पेल्यांत चहा ओतला, तर दोन बोटें टेबलावर हलकेच वाजवून आभार मानावयाचे. या रीतीविषयीं एक कथा सांगतात. अठराव्या शतकांतील च्येनलुंग बादशहा वेष पालटून चहाघरांत गेला आणि त्यानें आपल्या सेवकाच्या पेल्यांत स्वतः चहा ओतला. सेवकाला साष्टांग नमस्कार घालावयाचा होता, पण गुपित फुटलें असतें. म्हणून त्यानें बोटें वांकवून टेबलावरच नमस्कार केला. कथा खरी असो वा नसो, तिचें मर्म खरें आहे. चहाच्या टेबलाशीं बादशहाही वाढपी होतो. मुंबईच्या जुन्या इराण्याकडे ब्रूनमस्का आणि चहा घेऊन वर्तमानपत्र वाटून वाचणाऱ्या गिऱ्हाइकांस हें वातावरण परकें वाटूं नये.

पदार्थ करण्याची युक्तिही आपणांस परकी नाहीं. उकडीच्या मोदकासाठीं तांदुळाची पिठी उकळत्या पाण्यांत घालून शिजवितात. तांदुळाच्या पिठांत गव्हासारखा चिवटपणा नसतो. थंड पाण्यांत भिजविल्यास त्याची पारी फाटते. परंतु उकळत्या पाण्यानें त्यांतील पिष्ट फुगून चिकट होतें आणि मग त्याला पाहिजे तसा आकार देतां येतो. हार गाउची पारीही अशीच करितात. गव्हाचा चिवटपणा धुऊन काढून उरलेलें निव्वळ पिष्ट घ्यावयाचें आणि त्यावर उकळतें पाणी ओतावयाचें. म्हणून ती मोदकाप्रमाणेंच शुभ्र व तुकतुकीत होते. कॅन्टनचा वाढपी करंडीच्या तळाशीं कोबीचें पान घालतो. कोंकणांतील गृहिणी मोदकपात्रांत केळीचें किंवा हळदीचें पान घालते. हेतु एकच, घांस तळाला चिकटूं नये.

मोदकाला कोंकण आठवतें. पण देशावरही अशी एक वस्तु आहे, आणि ती नागनाथाच्या गांवाला विशेष शोभणारी आहे. श्रावण शुद्ध पंचमीस, नागपंचमीच्या दिवशीं, चिरूं नये, कापूं नये, चुलीवर तवा ठेवूं नये, तळूं नये, असा आपल्याकडे दंडक आहे. तेव्हां त्या दिवशींचें पक्वान्न वाफेवरच व्हावयास पाहिजे. म्हणून कणकेची पुरी लाटून तिच्यांत पुरण ठेवितात, चारी बाजूंनीं दुमडून तिची चौकोनी घडी करितात आणि चाळणीवर ठेवून ती वाफवितात. यालाच दिंडें म्हणतात. साजूक तुपाबरोबर तीं खावयाचीं. कॅन्टनच्या बल्लवाला हें दिंड दाखविलें तर तो त्याला क्षणांत ओळखील. पुरणाच्या जागीं कोळंबी नाहीं एवढेंच त्याला नवल वाटेल.

दया दाखविण्यासाठीं पदार्थ निर्माण व्हावा, ही गोष्टही दोन्हीकडे आढळते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत झूग ल्यांग नांवाचा एक चतुर मुत्सद्दी व सेनापति होऊन गेला. दंतकथा अशी कीं, दक्षिणेच्या स्वारीवरून परततांना एक नदी खवळली. तेथील लोक म्हणाले, माणसांचीं मुंडकीं वाहिल्याशिवाय ती शांत होणार नाहीं. पुष्कळ माणसें आधींच मेलीं होतीं; आणखी मारणें त्याच्या जिवावर आलें. त्यानें कणकेचे डोक्याएवढे गोळे करवून, त्यांत मांस भरून, ते नदीला वाहिले. वाफवलेल्या चिनी पावाचा जन्म येथून सांगतात. आपल्याकडे बळीच्या ऐवजीं कोहळा फोडतात, त्यामागेंही हेंच मन आहे. मनुष्य स्वयंपाकघरांत कधीं कधीं धर्मशास्त्राच्या पुढें जातो, तो असा.

परंतु जेवण्याच्या रीतींत मात्र दोन देशांत मोठा भेद होता, आणि तो एका चिनी माणसानेंच टिपून ठेविला आहे. प्रसिद्ध बौद्ध यात्रेकरू ह्युएनत्संग सातव्या शतकांत हिंदुस्थानांत आला. इ. स. ६४० च्या सुमारास तो महाराष्ट्रांतही आला. तेव्हां चालुक्य राजा दुसरा पुलकेशी गादीवर होता. हिंदुस्थानांतील जेवणाविषयीं तो लिहितो कीं, हे लोक जेवणापूर्वीं हातपाय धुतात; उरलेलें अन्न पुन्हां वाढीत नाहींत; एकाचें पात्र दुसऱ्यास देत नाहींत; मातीचीं व लांकडाचीं भांडीं वापरून टाकून देतात आणि धातूचीं घांसून लख्ख करितात. एका करंडींतून सर्वांनीं घेण्याची संवय असलेल्या माणसाला ही उष्ट्या-खरकट्याची शिस्त नवलाची वाटली. तींत स्वच्छतेचा मोठा भाग होता, यांत शंका नाहीं. पण पुढें स्वच्छतेचा नियम हा सोंवळ्याचा नियम झाला, सोंवळ्याचा नियम जातीचा झाला, आणि भांडें घांसून शुद्ध होई तरी माणूस मात्र कितीही घांसला तरी शुद्ध होईना.

या नियमाची पुण्यांत जी प्रसिद्ध परीक्षा झाली, तिचें कारण एक चिनी पेयच होतें. चहा हा शब्दच मुळीं चिनी आहे. कॅन्टनकडे व उत्तर चीनमध्यें त्या झाडाला ‘चा’ म्हणतात; फुकिएन प्रांतांतल्या बोलींत ‘ते’ म्हणतात. कॅन्टनशीं व्यवहार करणाऱ्या पोर्तुगीजांनीं आणि खुष्कीच्या मार्गानें तो नेणाऱ्या इराण्यांनीं पहिला शब्द उचलला. फुकिएनच्या व्यापाऱ्यांशीं संबंध असलेल्या डच लोकांनीं दुसरा, आणि त्यांच्यापासून तो इंग्रजांकडे गेला. मराठी माणसाचा चहा हा पहिल्या घराण्यांतला.

इ. स. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें आणि त्यानंतर पाहुण्यांपुढें चहाबिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळराव गोखले यांसारखी मंडळी तेथें होती. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला केवळ हात लावला. पुढें गोपाळराव जोश्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून टाकलीं आणि गांवांत ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें आणि त्याबद्दल सुधारकांचे बोलही खाल्ले. ज्यांनीं पुढें देशाचें राजकारण चालविलें, त्यांना एका पेलाभर चहानें दोन वर्षें गुंतवून ठेविलें. परक्या हातचें खाणें ही आपल्याकडे किती मोठी क्रांति होती, हें यावरून कळतें.

पुणेकर चहाच्या पेल्यावरून भांडत होते, त्याच्या शंभरांहून अधिक वर्षें आधींपासून मुंबईचा चीनशीं व्यवहार चालू होता. हिरजी जिवणजी रेडीमनी हे पारशी गृहस्थ १७५६ सालीं कॅन्टनला गेले. त्यांच्यामागून इतर गेले. सर जमशेटजी जिजीभाईंनीं तरुणपणीं चीनच्या पांच सफरी केल्या. येथून कापूस जाई आणि माळव्याची अफू जाई. तिकडून चहा, रेशीम, चिनी मातीचीं भांडीं व रुपें येई. १८३९ ते १८४२ च्या अफूच्या युद्धांत या व्यापाराचें खरें स्वरूप जगाला दिसलें. मुंबईंतील कित्येक मोठ्या धर्मादाय संस्थांच्या पायांत त्या पैशाचे दगड आहेत. चीननें आपणांस चहा दिला आणि येथून त्याला अफू गेली, हें या देवघेवीच्या खात्यांत प्रामाणिकपणें लिहून ठेवावयास हवें. त्या नफ्यांत येथल्यांचाही वांटा होता.

जहाजें दोन्ही दिशांना जात, तशीं माणसेंही. चीनचा तोंग आच्यू नांवाचा मनुष्य १७७८ च्या सुमारास बंगालमध्यें उतरला. वॉरन हेस्टिंग्जनें त्याला कलकत्त्याखालीं बजबजजवळ जमीन दिली आणि त्यानें तेथें उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अच्चीपूर म्हणतात. पुढें कलकत्त्यांत तिरेट्टा बाजार ही चिनी वस्ती झाली. तेथें पहांटे रस्त्याच्या कडेला वाफवलेले बाउ आणि सारण भरलेले मुटके विकण्याची वहिवाट आहे. मुंबईंत माझगांवच्या गोदीच्या आसपास चिनी खलाशी, सुतार, बूट शिवणारे, दांतांचे वैद्य व रेशमाचीं गांठोडीं घेऊन दारोदार हिंडणारे फेरीवाले राहूं लागले. त्यांचें सी यप कून हें लहानसें देऊळ १९१९ सालचें असून तें माझगांवांत अद्याप आहे. त्यांतील मुख्य देव क्वान कुंग हा एक पराक्रमी योद्धा. स्नेह्याला दिलेला शब्द पाळणारा म्हणून त्याला देवपण आलें.

परदेशीं गेलेल्या चिनी माणसानें खाणावळच कां काढावी, याला कारणें आहेत. अमेरिकेंत १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. व्यापाऱ्यांस मात्र सवलत होती. १९१५ मध्यें न्यायालयानें खाणावळवाल्यास व्यापारी मानलें, आणि तेव्हांपासून त्या देशांत चिनी खाणावळींचें पीक आलें. मुंबईंत तसा कायदा नव्हता, पण परिस्थितीचा धडा तोच होता. थोडें भांडवल, घरचीं माणसें, आणि दुसऱ्याची भाषा फारशी न येतांही चालण्याजोगा धंदा. चर्चगेटचें कामलिंग आणि कुलाब्याचें नानकिंग हीं नांवें मुंबईकरांच्या दोन पिढ्यांच्या तोंडीं होतीं. त्यांचें पहिलें गिऱ्हाईक म्हणजे साहेबलोक, पारशी, गोंवेकर आणि बंदरावरचे प्रवासी. गिरगांव-दादरच्या मराठी गृहस्थास तेथें जाणें प्रथम मोठें धाडसाचें वाटे. कशांत काय घातलें असेल ही धास्ती, आणि काड्यांनीं खातां न आल्यास चारचौघांत हंसें होण्याचें भय. तरी तो जाऊं लागला. उडप्याच्या इडलीनें आणि इराण्याच्या चहानें त्याचें सोंवळें आधींच सैल केलें होतें.

याच काळांत एका मराठी तरुणानें उलट दिशेनें प्रवास केला. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं राष्ट्रसभेनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले. नागपूरचे डॉक्टर चोळकर हेही त्या पथकांत होते. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चिनी सैनिकांवर कोटणिसांनीं डोंगराळ मुलखांत शस्त्रक्रिया केल्या, ते त्यांची भाषा शिकले, त्यांचें भरडें धान्य खाऊन राहिले, १९४१ मध्यें त्यांनीं क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशीं विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच देह ठेविला. परक्यांच्या पंगतींत बसलेला हा मराठी माणूस तिकडचे लोक अद्याप विसरले नाहींत. श-च्या-च्वांग शहरांत त्यांची समाधि व पुतळा आहे.

त्यानंतर वीसच वर्षांनीं, २० ऑक्टोबर १९६२ रोजीं, चीननें हिमालयाच्या सरहद्दीवर हल्ला चढविला. महिनाभर युद्ध चाललें. शेंकडों जवान कामास आले आणि सर्व देशाच्या मनाला मोठी जखम झाली. त्या संतापांत येथें राहणाऱ्या चिनी वंशाच्या माणसांवर संशय गेला. त्यांतील पुष्कळांचा जन्म येथलाच होता. कित्येकांना चीन कोणत्या दिशेला आहे हेंही ऐकूनच माहीत. भारत संरक्षण कायद्याखालीं सुमारें ३,००० माणसें, बायकामुलांसकट, राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेऊन ठेविलीं. शेवटचीं माणसें १९६७ पर्यंत सुटलीं नव्हतीं. त्यांत आसामांतील माकूम गांवचीं कुटुंबें होतीं. १८३० नंतरच्या दशकांत कंपनी सरकारनें आसामांत चहाचे मळे घातले, तेव्हां लागवडीची व पत्ती करण्याची विद्या शिकविण्यासाठीं चिनी कारागीर आणले होते. माकूमची चिनी वस्ती आपलें मूळ त्यांच्याशींच जोडते. ज्या चहावरून पुण्यांत ग्रामण्य झालें आणि जो पुढें प्रत्येक मराठी घरांत पाहुण्याच्या स्वागताचा पहिला उपचार झाला, तो चहा या देशांत लावावयास शिकविणाऱ्यांच्या वारसांना आगगाडींत घालून वाळवंटी मुलखांत नेलें. सुटल्यावर कित्येकांस घर, दुकान, सामान कांहींच उरलें नव्हतें.

जे छावणींत गेले नाहींत, त्यांनाही परवान्याशिवाय गांव सोडण्याची मनाई झाली आणि पोलिसांकडे हजेरी देण्याचा ससेमिरा लागला. कोणी कॅनडास गेले, कोणी ऑस्ट्रेलियास, कोणी हाँगकाँगला. मुंबईंतील वस्ती हळूहळू ओसरली. लढाईच्या दिवसांत शत्रूचा हेर ओळखणें हें सरकारचें कर्तव्यच असतें, हें खरें. परंतु शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याला हेर ठरविणें हें कर्तव्य नव्हे. सरहद्द ओलांडून आलेलें सैन्य निराळें आणि माझगांवांत बूट शिवणारा म्हातारा निराळा, हा विवेक त्या वेळीं फार थोड्यांना राहिला.

आतां यापुढची गोष्ट विलक्षण आहे. माणसें गेलीं, पण त्यांचें अन्न वाढलें. १९७३ मध्यें मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत गोल्डन ड्रॅगन ही खाणावळ निघाली आणि सेचुआन प्रांताच्या तिखटजाळ पदार्थांची मुंबईला गोडी लागली. त्या प्रांताचें नांव पुढें आपल्या तोंडीं ‘शेजवान’ झालें. कलकत्त्यास जन्मलेले नेल्सन वांग हे चिनी वंशाचे गृहस्थ मुंबईंत आचारी म्हणून काम करीत. १९७५ सालीं क्रिकेट क्लबांत त्यांच्याकडे कोणीतरी नव्या पदार्थाची मागणी केली, तेव्हां त्यांनीं आपल्या नेहमींच्या मसाल्यांतील आलें, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजीं सोयाचा रस घातला, कोंबडीचे तळलेले तुकडे त्यांत सोडले आणि त्याला ‘मांचुरियन’ असें नांव दिलें, असें ते सांगत. मांचुरिया प्रांतांत तो पदार्थ कोणास माहीत नाहीं. आपला पदार्थ नांवानें चिनी, फोडणीनें हिंदुस्थानी. लौकरच कोंबडीच्या जागीं फ्लॉवर व कोबी आले आणि शाकाहारी पंगतींतही तो जाऊन बसला.

तेथून तो हातगाडीवर उतरला आणि एस्. टी. च्या रस्त्यानें गांवोगांव गेला. १९५९ नंतर तिबेटांतून आलेल्या निर्वासितांबरोबर मोमो आले, तेही वाफेवरचेच. अखेरीस मूळचा डिम समही परत आला, पण माझगांवच्या गोदीवरून नव्हे. २०११ सालीं लंडनच्या याउआचा या श्रीमंती चहाघराची शाखा वांद्रे-कुर्ला संकुलांत उघडली आणि बांबूची करंडी विमानांतून मुंबईस उतरली. ज्या करंडीची किंमत एके काळीं गोदीवरच्या खलाशाला परवडे, ती आतां सधन कुटुंबांच्या रविवारच्या चैनीची वस्तु झाली. चंद्रमौळी घरांतील वस्तु वाड्यांत गेली कीं तिला मान मिळतो; जिनें ती सांभाळली त्या घराला मिळतोच असें नाहीं.

या सर्व हकीकतीवरून एक विचार सुचतो. अन्न पंगतींत सहज शिरतें. माणूस तितक्या सहज शिरत नाहीं. परक्याचा पदार्थ आपलासा करणें हा उदारपणा खरा, पण तो अर्धाच आहे. पदार्थ घ्यावा आणि करणाऱ्याला दाराबाहेर ठेवावें, ही रीत आपल्याला नवी नाहीं. नामदेवांचे अभंग देवळांत गाइले गेले आणि ज्या कुळांत ते जन्मले त्यासारख्या कित्येक कुळांना देवळाच्या पायरीवरच थांबविलें गेलें. अस्पृश्यांच्या श्रमाचें धान्य कोठारांत चाले, त्यांची सांवली चालत नसे. त्या पंक्तिभेदाविरुद्ध संतांनीं, सुधारकांनीं आणि कायद्यानें जें केलें, त्यामुळेंच आज हातगाडीभोंवतीं मुलें एकत्र उभीं राहतात. हातगाडीनें त्याला हातभार लावला, हेंही नाकारतां येत नाहीं. कारण तिच्यापाशीं पाट नसतात, म्हणून पाटांचा क्रमही नसतो.

ह्युएनत्संगानें मराठी माणसाचा स्वभाव वर्णिला आहे. हे लोक मानी आणि शूर असून उपकार करणाऱ्याशीं कृतज्ञ राहतात व अपमान करणाऱ्याचा सूड घेतात, असा त्याचा अभिप्राय आहे. तेरा शतकांपूर्वीं एका चिनी पाहुण्यानें दिलेलें हें प्रशस्तिपत्र आपण शाळेच्या पुस्तकांतून अभिमानानें वाचीत आलों. त्यांतील दुसऱ्या गुणाला जागण्याचे प्रसंग इतिहासांत पुष्कळ आले आणि तेथें महाराष्ट्र उणा पडला नाहीं. पहिल्या गुणाची परीक्षा अधिक कठीण असते; ती रणांगणावर होत नाहीं, शेजाऱ्याच्या दारांत होते. माझगांवच्या त्या लहानशा देवळांत चिनी नव्या वर्षाच्या दिवशीं अद्याप मुंबईंत उरलेलीं चिनी कुटुंबें उदबत्त्या लावावयास येतात. तीं थोडीं आहेत. पण तीं येथलींच आहेत, आणि त्या दिवशीं कोणी शेजारी भेटीस गेला तर त्याला चहा मिळतो.